बूम उघडण्यापूर्वी

मुळशी तालुक्यातील रिहे खोरे हा मुळात भाताचा मुलूख. पायरीपायरीने उतरत जाणारी खाचरे, त्यांना अडवून धरणारे मातीचे बांध आणि पावसाळाभर त्यांत तुंबून राहणारे पाणी हेच या भूमीचे स्वाभाविक रूप होय. शेजारी हिंजवडी-माण परिसरात संगणक-उद्योगाची वसाहत उभी राहिली, तिच्या पाठोपाठ बांधकामांचा पसारा या बाजूलाही सरकू लागला. आणि जेथे पूर्वी मजुरांची रांग घमेली हातोहात देत स्लॅब भरीत असे, तेथे आता ट्रकवर बसविलेली बूम पंपाची पोलादी भुजा एकेक सांधा उलगडीत इमल्याच्या माथ्यावर जाऊन पोचते. या भुजेचे सामर्थ्य सर्वांच्या डोळ्यांत भरते. परंतु तिची सुरक्षितता ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्या बहुतेक सर्व जमिनीवर, आणि त्याही बूम उघडण्यापूर्वीच ठरलेल्या असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

यंत्राची रचना तशी सुबोध आहे. मिक्सर गाडी मागच्या हॉपरमध्ये काँक्रीट ओतते. दोन सिलिंडर ते आळीपाळीने ओढून घेतात आणि बूमच्या अंगावरून नेलेल्या, सुमारे १२५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ढकलतात. नळीच्या टोकाशी लोंबणाऱ्या रबरी होजमधून ते स्लॅबवर पडते, आणि रिमोटची पेटी कमरेला बांधलेला ऑपरेटर बूमची प्रत्येक हालचाल चालवितो. ही यंत्रे आपल्या शेजारीच, गोव्यातील वेर्णा येथे, पुट्झमायस्टर या मूळच्या जर्मन कंपनीच्या कारखान्यात तयार होतात. २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे अणुभट्ट्यांवर संकट कोसळले, तेव्हा जवळ जाणे अशक्य झालेल्या इमारतींत वरून पाणी सोडण्यासाठी अशाच लांब बूमच्या गाड्या कामी आल्या; दूर उभे राहून उंचावर माल पोचविण्याचा हा गुण त्या दिवसांत साऱ्या जगाने पाहिला.

परंतु दूरवर पोचणारी वस्तू आपला भारही दूरवर नेते. या नळीच्या एका मीटरमध्ये सुमारे तीस किलो काँक्रीट मावते. म्हणजे छत्तीस मीटर लांबीच्या भुजेवर, पोलादाचे वजन निराळे ठेवूनही, टनभर ओले काँक्रीट अधांतरी तोललेले असते. बूम ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्या आउटरिगरवर, म्हणजे गाडीच्या बाहेर पसरलेल्या टेकूच्या पायावर, भार एकवटतो. समजा एका पायावर पंधरा टन आले आणि त्याखालची थाळी दोन फूट लांब-रुंद असली, तर जमिनीवर दर चौरस मीटरला चाळीस टनांहून अधिक दाब पडतो. त्याच थाळीखाली चार फूट चौरस भरेल असा जाड लाकडी स्लीपरांचा पाट घातला की तो दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. खाचर बुजवून, वर मुरूम पसरून केलेली जागा वरून कितीही टणक दिसो, तिच्या पोटातील ओली माती हा भार सोसीलच असा भरवसा देता येत नाही. पाया खोदलेल्या खड्ड्याच्या काठाशी तर गाडी उभी करूच नये. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर काठापासून सोडावे, आणि भराव असल्यास त्याहूनही अधिक, अशी जाणत्यांची रीत आहे. चारही पाय पूर्ण बाहेर काढल्यावाचून बूम उचलू नये. आणि अरुंद आवारात एक बाजू अर्धीच उघडावी लागली, तर त्या बाजूस बूम वळविण्याची मुभा निर्मात्याच्या पुस्तकात आहे काय, हे आधी पाहावे.

दुसरे भय डोक्यावरच्या तारांचे. खोऱ्यातील शेतांवरून जाणाऱ्या महावितरणच्या ११ किंवा २२ हजार व्होल्टच्या वाहिन्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर इतक्या बारीक दिसतात, की वर नजर लावून उभ्या असलेल्या ऑपरेटरलाही अंतराचा अदमास चुकतो. प्रत्यक्ष स्पर्श व्हावयास हवा असेही नाही. पुरेशी जवळीक झाली तरी विद्युत् हवेतून उडी घेते, आणि मग ज्याच्या हातात होज आहे त्याच्या देहातून ती जमीन गाठू शकते. अमेरिकेतील क्रेनविषयक नियम ५० हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान दहा फूट, आणि विजेचा दाब ठाऊक नसल्यास वीस फूट अंतर सांगतात. तार जवळ असेल तर रीतसर अर्ज करून वीजपुरवठा बंद करून घ्यावा, आणि तो बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत बूमला हात लावू नये.

तिसरे भय होजचे. लाइन चोक झाली, की पंप उलटा फिरवून ती मोकळी करतात; पुन्हा सुरू करताना नळीत कोंडलेली हवा मोकळी सुटते आणि टोकाचा जड होज सपकन फटकारा मारतो. म्हणून पंप प्रथम चालू होताना आणि चोक निघाल्यावर होजच्या पल्ल्यात कोणीही उभे राहू नये. काँक्रीट सलग वाहू लागल्यावरच मजुराने होज हाती धरावा, आणि तोही खांद्यावर टाकून किंवा अंगाभोवती घेऊन नव्हे.

हे सर्व जाणणारी माणसेही चुकतात, याचे कारण काँक्रीटच्या स्वभावात आहे. गाडीत भरल्यापासून सुमारे दोन तासांत ते उतरविले पाहिजे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. वाटेत वाहतूक तुंबली, मागे तीन मिक्सर गाड्या ताटकळत राहिल्या, सेंट्रिंगवर माणसे खोळंबली, की जो तो ऑपरेटरला घाई करू लागतो. ज्या द्रव्याला धीर नाही त्याच्यासाठीचा सगळा धीर आदल्या दिवशीच खर्च केला पाहिजे: गाडीची जागा, पायाखालची माती, तारांचे अंतर, इशारा देणारा एकच माणूस, आणि वारा किंवा पाऊस आल्यास काम थांबविण्याची हद्द, यांचा निर्णय काँक्रीट मागविण्यापूर्वी व्हावा.

१९९६ सालच्या बांधकाम कामगारविषयक केंद्रीय कायद्याने, त्याखाली महाराष्ट्राने २००७ साली केलेल्या नियमांनी, आणि पुढे २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेनेही सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर व ठेकेदारावर टाकली आहे. पण स्लॅबच्या दिवशी ‘येथे गाडी लागणार नाही’ हे शब्द उच्चारण्याची पाळी येते ती ऑपरेटरवर, आणि त्या नकाराची किंमत त्याच्या भाड्यातून वसूल होणार असेल तर तो गप्प बसण्याचाच संभव अधिक. म्हणून जागा असुरक्षित ठरून पंप परत गेला तरी फेरीचे भाडे मिळेल, आणि त्याबद्दल ऑपरेटरला कसूरदार धरले जाणार नाही, एवढे एक कलम घर बांधणाऱ्याने ठेकेदाराशी होणाऱ्या करारनाम्यात आधीच घालून घ्यावे. या कलमापायी पडणारा खर्च एका फेरीचा आहे, आणि तो स्लॅबच्या एकंदर खर्चात कोठेही जाणवणारा नाही.