बाळंतपणाची रजा : राजीनामा देण्याआधी

‘नोकरी कंत्राटी, मग पगारी रजा कुठली?’ असे समजून आपल्याकडच्या काही मुली बाळंतपणाआधीच राजीनामा देतात. पण १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याचे संरक्षण रोजंदारीवरील स्त्रियांनाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात दिला. सामाजिक सुरक्षा संहितेतही हा हक्क कायम आहे.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे.

म्हणून आमची विनंती : राजीनामा नको, रजेचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.