सी किंगचा कान

लढाऊ हेलिकॉप्टर म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतं ते अपाचे, नाहीतर आपलं ‘प्रचंड’. अरुंद अंग, नाकाखाली वळणारी तोफ, दोन्ही बाजूंना रॉकेटं. पण रेवस-मांडव्यापासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ते कुठून दिसणार? आमच्या डोक्यावरून जातात ती नौदलाची आणि तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरं. त्यातलं हल्ला करण्यासाठीच बांधलेलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे सी किंग, आणि ते पाहून कुणालाही हल्ला वगैरे आठवत नाही. बोजड शरीर, होडीसारखा तळ, दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे आणि वर पाच पात्यांचा पंखा. सुमारे साडेनऊ टनांचं हे धूड वर जातं कसं, हाच पहिला प्रश्न पडतो.

मुंबईत त्याचं घर कुलाब्याला, आयएनएस शिक्रावर. बातम्या वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं आहे ते पंतप्रधानांच्या दौऱ्यांमुळे, कारण बडे पाहुणे तिथल्या हेलिपॅडवर उतरतात. 2009 पर्यंत या तळाला कुंजाली-2 म्हणत. पाहुणे उतरतात तेव्हा फोटो निघतात. बाकीचे दिवस तिथे काय चालतं, याची विचारपूस फारशी कुणी करत नाही.

कागदावरचा इतिहास लवकर उरकतो. मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा, परवान्यावर बांधणी इंग्लंडमधल्या वेस्टलँडची. आपल्या नौदलाची पहिली सी किंग तुकडी, 330 क्रमांकाची, एप्रिल 1971 मध्ये कोचीला उभी राहिली. तिचं टोपणनाव हार्पून्स. 1988 च्या सुमारास 42 बी ही सुधारित जात येऊ लागली, वीसेक आली. ही पाणबुडीवर टॉर्पेडो टाकायची, शिवाय जहाजावर सी ईगल क्षेपणास्त्रही सोडायची. तिच्याच बरोबरीची 42 सी ही कमांडो वाहून नेणारी. तिला सोनार, म्हणजे आवाजाने पाण्याखालचा शोध घेणारं यंत्र, नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या दिल्ली वर्गाच्या विनाशिकांवर दोन सी किंग मावतील असे हँगर ठेवले गेले.

टॉर्पेडो, क्षेपणास्त्र हे सगळं ठीक. मला मात्र भुरळ पडली ती पोटातल्या एका भोकाची. त्या भोकातून सोनारचा गोळा खाली सोडतात. हेलिकॉप्टर समुद्रावर चाळीसेक फुटांवर थांबतं, विंच फिरते आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा तो गोळा केबलच्या टोकाला खाली खाली जातो. मग तो पाण्यात आवाज सोडतो आणि कशावर तरी आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. म्हणजे तीन किलोमीटरवर पाणबुडी असेल तर उत्तर यायला चार सेकंद लागतात. ते चार सेकंद हेलिकॉप्टरला जागचं हलायची परवानगी नाही.

आणि खरी करामत हीच आहे. पुढे जाणं हेलिकॉप्टरला सोपं, जागच्या जागी राहणं अवघड. त्यात रात्र असली, चंद्र नसला, तर खाली काळं पाणी आणि वर काळं आभाळ. वैमानिकाला नजर टेकवायला काही नसतं. म्हणून हे काम त्याच्या हातावर सोडलेलं नाही. रडार उंची मोजतं, डॉपलर यंत्र सरकणं मोजतं आणि स्वयंचलित नियंत्रक हेलिकॉप्टरला वरून हळूहळू खाली आणून थांबवतो. गोळा पाण्यात गेला की आणखी एक मापक कामाला लागतो: केबलचा कोन. वाऱ्याने हेलिकॉप्टर सरकलं की केबल तिरकी होते, गोळाही तिरका होतो आणि कानावर भलतंच येतं. त्या कोनावरून नियंत्रक हेलिकॉप्टरलाच ओढून केबलच्या बरोबर वर आणतो. एवढं मोठं यंत्र आपल्याच दोरीच्या हुकमात राहतं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनोमन हात जोडले.

आत माणसं चार. पुढे दोन वैमानिक. मागे ऑब्झर्व्हर, म्हणजे सगळ्या शिकारीचा डाव मांडणारा अधिकारी. आणि त्याच्या शेजारी सोनार चालवणारा नौसैनिक. फोटोत बहुतेक वेळा वैमानिक असतात. पण पाणबुडी सापडली की नाही, हे आधी त्या चौथ्या माणसाला कळतं. कारण परत येणारा प्रत्येक आवाज काही पाणबुडीचा नसतो. बुडालेलं जहाज उत्तर देतं, खडक देतो, माशांचा थवाही देतो. हलणाऱ्या वस्तूवरून आलेल्या प्रतिध्वनीचा सूर किंचित चढतो किंवा उतरतो. थांबलेल्या वस्तूचा तसाच राहतो. पडद्यावर रेघ दिसते हे खरं, पण ती रेघ लोखंडाची की बांगड्याची, हे शेवटी कान सांगतो. त्यात आमच्याकडचा समुद्र म्हणजे बोलक्यांचा बाजार. घोळ आणि ढोमी हे मासे स्वतःच पाण्याखाली आवाज करतात. मासेमारी चालू असताना ट्रॉलरची इंजिनं घुमत असतात. 1 जूनपासून बंदी लागली की ती थांबतात, तर वरून पाऊस सुरू होतो, आणि पावसाचाही पाण्याखाली गोंगाट होतो.

शिवाय हा समुद्र उथळ. मुंबई-रायगडसमोरचा खंडमंच खूप रुंद आहे. किनाऱ्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या बॉम्बे हायलाही पाणी 75 मीटरच्या आसपासच. अशा पाण्यात आवाज कधी तळावर आपटतो, कधी पृष्ठभागावर. वरचं पाणी तापलेलं आणि खालचं गार असलं की आवाजाची वाट वाकते आणि त्या आडोशाला पाणबुडी बसून राहू शकते. जहाजाच्या पोटाला बसवलेला सोनार आहे त्याच खोलीवर अडकतो. सी किंगचा गोळा मात्र तो थर ओलांडून खाली सोडता येतो. तिथे काही हाती लागलं नाही तर केबल गुंडाळायची, काही किलोमीटर पुढे जायचं आणि पुन्हा बुडी मारायची. जोडीने काम असेल तर एकाने कान लावून बसायचं, दुसऱ्याने जागा बदलायची. पाणबुडीला हा आवाज ऐकू येतो, पण डोक्यावरच्या शत्रूवर तिला टॉर्पेडो सोडता येत नाही.

हे सगळं किती महाग पडू शकतं, ते नौदलाला पहिल्याच वर्षी कळलं. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पुढचे काही दिवस जहाजं, विमानं आणि नवे सी किंग तिच्या मागावर होते. हँगोर निसटून कराचीला पोचली. हार्पून्स तुकडी तेव्हा जेमतेम आठ महिन्यांची होती, हे लक्षात घेतलं तरी तो घाव विसरण्यासारखा नव्हता.

आता आपल्याही पाणबुड्या हँगोरसारख्याच मुक्या आहेत. त्यातलीच एक आमच्या थळसमोरच्या बेटाच्या नावाची: आयएनएस खांदेरी, 2019 मध्ये मुंबईत नौदलात आली. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घालायला घेतली तेव्हा ती थांबवायला इंग्रज आणि सिद्दी दोघे धावले होते. बॅटरीवर चालणारी डिझेल पाणबुडी जवळजवळ आवाजच करत नाही, म्हणून शिकाऱ्याचा सराव आपल्याच पाणबुड्यांवर होतो. कुणाचा कान चांगला, हे त्यात कळतं. कोण जिंकलं, ते जाहीर होत नाही.

जमिनीवरचं काम दिसायला अगदीच साधं. चाळीस फुटांवर थांबलेल्या हेलिकॉप्टरचा पंखा खालचं खारं पाणी धुक्यासारखं वर उडवतो आणि इंजिनं तेच आत ओढतात. मीठ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसलं की ताकद घटते. म्हणून समुद्रावरून आलं की धुणं आलंच: अंगाला गोडं पाणी, इंजिनाच्या आतूनही गोडं पाणी. मुख्य पंख्याची धातूची पाती आतून पोकळ असतात आणि त्यांच्या कण्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. पात्याला डोळ्यांना न दिसणारी चीर पडली की वायू निसटतो, दाब उतरतो आणि पात्याच्या बुडाशी बसवलेला छोटासा दर्शक रंग बदलतो. उड्डाणाआधी कुणीतरी वर चढून पाचही दर्शक पाहतो. वर जाणाऱ्या चौघांचा जीव त्या पाहण्यावर आहे.

किनाऱ्याला हे यंत्र आठवतं ते मात्र वेगळ्याच कामासाठी. जुलै 2021 मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, रस्ते तुटले. शिक्रावरून एक सी किंग 42 सी बचावपथक घेऊन पोलादपूरकडे निघालं. त्याच्या दोन महिने आधी तौक्ते वादळात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पी-305 तराफा बुडाला तेव्हा नौदलाची जहाजं आणि हेलिकॉप्टरं दिवसचे दिवस समुद्र धुंडाळत होती. काही मृतदेह आमच्या किनाऱ्याला लागले. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याजवळ एमव्ही मंगलम हे जहाज बुडू लागलं तेव्हा तटरक्षक दलाने दिघीहून सुभद्राकुमारी चौहान ही नौका आणि दमणहून चेतक हेलिकॉप्टरं पाठवून 16 जणांना बाहेर काढलं. जुलै 2024 मध्ये अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळ अडकलेल्या बार्जवरच्या 14 जणांनाही हेलिकॉप्टरनेच उचललं. चेतक हे सी किंगपुढे पोरगं. पण भरतीत हलणाऱ्या डेकवर स्थिर राहून दोरी सोडायची, हे कसब दोघांचं एकच.

सी किंगची खरी लढाई झाली ती सुट्या भागांशी. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. हेलिकॉप्टर इंग्लंडमध्ये बनलेलं असलं तरी आतले कितीतरी भाग अमेरिकी परवान्याचे. दुरुस्तीला पाठवलेले भागही अडकून पडले आणि एकामागून एक सी किंग जमिनीवर बसली. मग जे जगभर होतं तेच झालं: एकाचं काढायचं, दुसऱ्याला लावायचं. अशा काढघालीत जे उडतं त्याचा हिशेब लागतो. जे बसलं त्याचे भाग कुठे कुठे गेले हे लिहून ठेवणं हीच मोठी नोकरी होऊन बसते. 2001 मध्ये निर्बंध उठले, पण तोवर यंत्रांची वयं वाढली होती.

पुढची दिरंगाई आपलीच. बदली हेलिकॉप्टरांसाठी 2014 मध्ये सिकॉर्स्कीचं एस-70 बी पक्कं झालं, 16 घ्यायची होती. तीन वर्षं वाटाघाटी चालल्या आणि 2017 मध्ये सगळं गुंडाळलं. त्या काळात कोट्यवधींच्या युद्धनौका समुद्रात जात होत्या आणि त्यांचे हँगर कधी अर्धे, कधी पूर्ण रिकामे. रिकाम्या हँगरची जागा हलकी चेतक भरून काढत होती, ज्यांना पाण्यात बुडवायचा सोनारच नाही. मला याचा राग येतो, आणि तो कुणा एकावर काढता येत नाही म्हणून जास्तच येतो. 2020 मध्ये अमेरिकेशी 24 एमएच-60 आरचा करार झाला. त्यांची पहिली तुकडी, 334, 6 मार्च 2024 रोजी कोचीला उभी राहिली. त्यांच्याही पोटात बुडवायचा सोनार आहे, शिवाय कितीतरी चांगली संगणक-व्यवस्था. पण उथळ, गढूळ, बोलक्या पाण्यात लोखंड कोणतं आणि मासा कोणता हे ओळखणारे कान करारासोबत येत नाहीत. ते पुन्हा इथेच, याच समुद्रावर, तासन्‌तास बसून तयार करावे लागतात. जुने कान निवृत्त व्हायच्या आत ते व्हावं, एवढीच काळजी.

ब्रिटिश नौदलाने आपलं शेवटचं सी किंग सप्टेंबर 2018 मध्ये उतरवलं. आपलं अजून उडतं. डीआरडीओच्या पहिल्या स्वदेशी नौदल जहाजविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी 18 मे 2022 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यासमोर झाली तेव्हा ते सोडलं सी किंग 42 बीने. फेब्रुवारी 2025 मध्ये चांदीपूरला त्याची पुढची चाचणी झाली. उड्डाणात असलेल्या क्षेपणास्त्राचं लक्ष्य माणसाला बदलता येतं, हे तीत दाखवलं गेलं. तेही सी किंगवरूनच.