धष्टपुष्ट बोकड एका रात्रीत का दगावतो?

बकरी ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यात दारोदारी बोकड बांधलेले दिसतात. मुले त्यांचे लाड करतात, त्यांना नावे देतात. कित्येक कारागीर बांधव दोन-चार करडे वर्षभर सांभाळून ईदला विकतात व चार पैसे मिळवतात. अशा वेळी रात्री चांगला खाल्लेला बोकड पहाटे मेलेला सापडला, तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

काही वर्षांपूर्वी ही वेळ माझ्यावर आली. ईदला चार दिवस होते. बोकड आणून आठवडाही झाला नव्हता. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले विष घातले. मी तडक विकणाऱ्याकडे गेलो आणि आजारी माल गळ्यात मारला म्हणून चारचौघांत त्याला नको ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "सेठ, आधी डॉक्टरांना दाखवा." सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन झाले तेव्हा कळले की दोष त्याचा नव्हता, आमच्या लाडाचा होता.

या रोगाला आंत्रविषार म्हणतात. त्याचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडे असतातच. पाल्यावर वाढलेल्या बोकडाला एकदम गहू, मका, भात, शिळ्या रोट्या भरपूर मिळाल्या की न पचलेले पीठ आतड्यात उतरते. त्यावर जंतू झपाट्याने वाढतात व विष तयार करतात. मग जनावर मान मागे टाकते, पाय झाडते आणि काही तासांत संपते. उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणूनच कळपातला सर्वांत खादाड, सर्वांत देखणा बोकड आधी जातो.

उपाय महाग नाहीत. नवीन बोकड आणल्यावर सुरुवातीचे दिवस सुका चारा, शेवरी-सुबाभळीचा पाला व स्वच्छ पाणी द्यावे. धान्याचा खुराक मुठीने सुरू करून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. मुलांना व पाहुण्यांना रोट्या चारू देऊ नयेत. पाळणाऱ्यांनी आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून घ्यावी. पहिल्या वेळी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी. मात्र शेळ्यांत ही लस मेंढ्यांइतकी पक्की काम देत नाही, म्हणून खुराकावरचा लगाम सोडू नये.

2025 साली बकरी ईद 7 जूनला होती. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे आता काही वर्षे ऐन उन्हाळ्यात आहे. ट्रकमध्ये दाटीने जनावरे भरली तर उष्माघातानेही ती दगावतात. माल रात्री हलवावा.

एक इशारा. मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर ते कापू नये. तो काळपुळीचा रोग असू शकतो व माणसालाही होतो. लगेच पशुवैद्यांना कळवावे.

विकणाऱ्या बांधवांना एक सांगणे आहे. ईदच्या तोंडावर वजन वाढवण्यासाठी धान्य कोंबणे म्हणजे विरळ कापडाला खळ देऊन जाड दाखवण्यासारखेच आहे. गिऱ्हाइकाला जनावर आजवर काय खात होते, लस कधी टोचली, हे स्वतःहून सांगावे. अशा तिजारतीतच बरकत आहे.

मी त्या विक्रेत्याकडे जाऊन माफी मागितली. चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली. पुढच्या ईदचा बोकड त्याच्याकडूनच घेतला.