खोंडास हाती चालण्याची सवय

खिलार खोंड कितीही डौलदार असला, तरी पुसेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी परीक्षकांपुढे अडून बसल्यास वर्षभराची मेहनत व्यर्थ होय. आम्ही एकदा यात्रा आठ दिवसांवर आली असता खोंडास कासरा लावून ओढीत शिकवू लागलो. तो बुजला, आणि ऐन वेळी मैदानात बसला.

तेव्हापासून दूध तुटताच आम्ही म्होरकी घालतो. वेसणीची घाई करीत नाही. पाण्यावर नेताना कासरा हलका ताणावा, व वासराने पाऊल टाकताच सैल सोडावा. हेच त्यास कळणारे इनाम. अडल्यास ओढू नये. मान बाजूस वळवून पाऊल हलवावे. रोज अर्धी घटका पुरे. पुढे अनोळखी हात व वाद्यांचा गलबला यांची सवय करावी. बक्षीस न मिळाले, तरी असे जनावर औतासही गुणाचे निघते.