पस्तीस टक्के नेमके कुणाला?

लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या बाईनं रक्त तपासणीचं केंद्र किंवा सॅनिटरी पॅडचं युनिट टाकायचं म्हटलं, की भांडवलाआधी सल्ले गोळा होतात. त्यातला पहिला ठरलेला: “बाईच्या नावावर काढा, पस्तीस टक्के माफ आहे.” मग कागदावर बाई आणि गल्ल्यावर नवरा, असा बेत शिजतो.

35 टक्क्यांचा आकडा खरा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे, शहरी भागात 25 टक्के. पण ते हातात पडत नाही. 10 लाखांचं युनिट धरा. 50 हजार आपले, साडेनऊ लाख बँकेचं कर्ज. अनुदानाचे साडेतीन लाख बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिटची पाहणी होते आणि ते चालू असेल तरच रक्कम कर्जात वळती होते. एका कुटुंबात लाभ एकालाच. नवऱ्यानं आधी घेतला असेल, तर बायकोचा अर्ज तिथंच थांबतो.

“अल्पसंख्याक म्हणजे मुसलमान” हेही तितकंच पक्कं बसलेलं. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन असे सहा समाज आहेत. बौद्धांचं नाव त्यात आहे, हे मराठवाड्यात मुद्दाम सांगावं लागतं. आणि मुस्लिम किंवा बौद्ध बाई असेल तर दुप्पट सवलत, असंही काही नाही. टक्के तेच राहतात.

आरोग्याच्या धंद्यात मात्र पैशांपेक्षा नियमांबद्दलचे गैरसमज महागात पडतात. “डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालंय, आता लॅब टाकायला काय लागतं?” नमुना घेणं, यंत्र चालवणं हे तंत्रज्ञाचंच काम आहे. पण अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे सही करणारा डॉक्टर आधी ठरवायचा, गाळा नंतर. बाईचा धंदा म्हणून इथं सूट मागू नये, आणि कुणी देऊही नये. अहवाल चुकला तर भोगतो पेशंट.

याच्या उलट टोकाची समजूत म्हणजे, वैद्यकीय उपकरण बनवायचं तर दिल्लीचेच उंबरठे झिजवावे लागतात. 2017 च्या नियमांनी उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत. कमी धोक्याच्या ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचं काम राज्याच्या परवाना यंत्रणेकडे आहे. केंद्राकडे जातात ते सी आणि डी.

“नवं काही शोधणं हे पुण्या-मुंबईवाल्यांचं काम.” मार्च 2020 मध्ये मंजुरी मिळालेलं कोरोना चाचणीचं पहिलं देशी किट पुण्याच्या मायलॅबचं होतं आणि त्या संशोधनाचं नेतृत्व मीनल डाखवे-भोसले यांनी गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत केलं, हे खरंच. पण लातूर जिल्ह्यालाही आपला वारसा आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेनं पुढं आरोग्य सखी तयार केल्या. सखी रक्तदाब आणि साखर मोजायची साधनं घेऊन दारोदार जाते आणि नोंदी डॉक्टरांपर्यंत पोचवते. यात नवं यंत्र एकही नाही. तपासणी उंबऱ्यापर्यंत नेण्याची पद्धत नवी आहे आणि माझ्या मते आपल्याकडं शोध लागायला हवेत ते याच जागी. खरोखर नवं उपकरण डोक्यात असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे, 50 लाखांपर्यंत, परतफेडीशिवाय. फक्त ते कल्पना सिद्ध करण्यासाठी असतं, दुकान मांडण्यासाठी नाही.

पॅडचं गणित वेगळंच. 2018 मध्ये त्यावरचा जीएसटी शून्य झाला तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता बचत गटांचं भलं झालं. पण विकल्या मालावर कर नाही म्हणून पल्प, जेल, पॅकिंग यांवर भरलेला कर परतही मिळत नाही. तो खर्चात जमा होतो. मोठा कारखाना घाऊक खरेदीत हे भरून काढतो, गटाला ते जमत नाही.

“सरकार खरेदी करतंच की,” हा शेवटचा भरवसा. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात 3 टक्के महिलांच्या आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटा नाही. आणि जिल्हा परिषद या धोरणाला बांधील नाही. तेव्हा यंत्राचं कोटेशन आणण्याआधी देवणी-उदगीरचे मेडिकलवाले, दवाखाने आणि शाळा महिन्याला किती पाकिटं उचलतील, ते फिरून लिहून आणावं. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून लागणारी उद्यम नोंदणी घरीच करावी. ती फुकट आहे, एजंटानं कितीही मागू देत.