ध्वनिफितीवर उरलेले जग

१२ मे २००८ च्या दुपारी चीनच्या सिच्वान प्रांतातील चेंगडू शहरात अमेरिकेच्या ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ या सार्वजनिक नभोवाणीच्या मेलिसा ब्लॉक एक मुलाखत ध्वनिमुद्रित करीत होत्या. या प्रांतावर आठवडाभराची कार्यक्रममालिका करण्याचे आधीच ठरले होते आणि त्यासाठी एक तुकडी तेथे मुक्कामाला होती. मुलाखत चालू असतानाच जमीन हलू लागली. ध्वनिमुद्रण यंत्र बंद करण्याचे भान कोणालाच राहिले नाही, आणि सुमारे ६९ हजार बळी घेणाऱ्या त्या भूकंपाचा पहिला हादरा त्यावर जसाच्या तसा उमटला.

परंतु या तुकडीचे खरे काम पुढे झाले. दुज्यांगयान गावात एक तरुण दांपत्य कोसळलेल्या इमारतीसमोर उभे होते. त्यांचे दोन वर्षांचेही न झालेले मूल आणि घरातील वृद्ध माणसे ढिगाऱ्याखाली होती. ब्लॉक त्या दांपत्यासोबत थांबल्या. यंत्राची घरघर, ओरडून दिलेल्या सूचना, मध्येच पसरणारी शांतता, आणि शेवटी मृतदेह हाती लागल्यावर फुटलेला आक्रोश, हे सारे श्रोत्यांनी ऐकले. दृश्य एकही नव्हते. परंतु बळींचा आकडा ऐकून ज्यांच्या मनाला काहीच झाले नव्हते, अशांनाही त्या काही मिनिटांनी हलवून सोडले. अर्थात, शोकाकुल माणसाच्या तोंडाजवळ ध्वनिग्राहक नेणे कितपत योग्य, हा प्रश्न राहतोच. छायाचित्र चेहरा जगजाहीर करते आणि ध्वनी निदान तो झाकून ठेवतो, एवढेच फार तर म्हणता येईल.

आकाशवाणीच्या परिभाषेत ज्याला रूपक म्हणतात, त्या प्रकाराचे बळ बातमीपत्राहून वेगळे आहे. बातमीपत्र काय घडले ते सांगते. ज्यांच्यावर ते गुदरले त्यांच्या तोंडून रूपक ते ऐकविते. यासाठी लागतो तो वेळ. परदेशात चार आठवडे राहावे, तेथील भाषा जाणणारा सहायक शोधावा, तासन् तास ध्वनिमुद्रण करावे आणि त्यातून अर्धा तास निवडावा, हा व्यवहार जाहिरातींच्या हिशेबात बसणारा नाही. म्हणूनच हे काम जगात बहुतेक ठिकाणी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या नभोवाणीकडे आले. अमेरिकेत १९६७ साली सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा झाला तेव्हा मूळ मसुद्यात केवळ दूरचित्रवाणी होती. ‘आणि रेडिओ’ हे शब्द अगदी अखेरीस चिकटपट्टीने जोडले गेले, असे सांगतात. त्या दोन शब्दांवर पुढची पन्नासहून अधिक वर्षे एक मोठी संस्था उभी राहिली.

सार्वजनिक पैसा म्हटला की सत्तेची सावली आलीच. या बाबतीत बीबीसीचा इतिहास मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून मराठीतही प्रक्षेपण होत असे. जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या काळात तेथील पौर्वात्य विभागात होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे भाषांतरित होऊन मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतून भारतात पोहोचत. त्यांच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडील वेणू चितळे होत्या. हे कार्य प्रचाराचे आहे याची ऑर्वेल यांना पुरती जाणीव होती आणि १९४३ साली ते त्यातून बाहेर पडले.

त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथला तांदूळ थांबला होता. शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीच्या भागातील नावा काढून घेतल्या होत्या. ऑक्टोबर १९४२ च्या वादळाने पीक झोडपले होते आणि युद्धखर्चाने धान्याचे भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते. दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ अखेरपर्यंत जाहीर झाला नाही. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे तो शब्दाविना चाललेला दुष्काळ जगाच्या डोळ्यांपुढे आला. निदान तीस लाख माणसे त्यात गेली, असे मानले जाते.

या तीस लाखांवर बीबीसीने २०२४ साली ‘थ्री मिलियन’ ही रूपकमालिका केली. निवेदिका कविता पुरी यांनी त्या काळातून तगून राहिलेल्यांचे आवाज एकत्र आणले. या मृतांचे स्मारक जगात कोठेही नाही, याकडे मालिकेने लक्ष वेधले. बंगालच्या खेड्यापाड्यांतून कागद-लेखणी घेऊन हिंडणारे आणि नव्वदीपुढच्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेणारे एक वयोवृद्ध गृहस्थ त्यात भेटतात. ब्रिटिश जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ब्रिटिश राजवटीचा हा हिशेब मांडावा, यातच अशा संस्थेची कसोटी आहे. ऐंशी वर्षांनी मांडला, हा आक्षेप खोटा नाही. मात्र तोवर भारतातील कोणत्या नभोवाणी केंद्राने तो अशा विस्ताराने जगापुढे ठेवला होता, असे उलट कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण जाईल.

दुर्दैव असे की, या कामाचा आधारच सध्या खचत आहे. बीबीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक सेवेतील ३८२ पदे कमी करण्याची घोषणा केली आणि १९३८ साली सुरू झालेली अरबी नभोवाणी जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. लेबनॉनमध्ये बीबीसीने सोडलेली कंपनसंख्या रशियाच्या सरकारी नभोवाणीने घेतली, हे पुढे बीबीसीच्या महासंचालकांनीच जाहीर भाषणात सांगितले. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कर्मचारी रजेवर पाठविण्यात आले. जुलैमध्ये तेथील संसदेने सार्वजनिक प्रक्षेपणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलरांचे अनुदान मागे घेतले. खर्च वाचला, हे खरे. परंतु हवेतील जागा रिकामी राहत नाही, हे लेबनॉनच्या श्रोत्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

भारतातील स्थिती निराळी, पण समाधानकारक मुळीच नाही. मेलविल डी मेलो यांच्या गीरच्या सिंहांवरील रूपकाला १९६४ साली ‘प्री इटालिया’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते. म्हणजे गुणवत्तेची वाण होती असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तरीही खासगी एफएम केंद्रांना वा सामुदायिक नभोवाणीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी पुन्हा ऐकविता येतात. चोवीस तास परस्परांवर ओरडणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांना जी मोकळीक आहे, ती महाविद्यालयाच्या एका लहानशा नभोवाणी केंद्राला नसावी, याचे तर्कशुद्ध कारण कोणीही दिलेले नाही.

मराठीत करण्याजोगे आंतरराष्ट्रीय विषय नाहीत, ही सबब तर टिकणारीच नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजांवर माणसे असलेल्या कोकणातील घरांत तो प्रश्न परराष्ट्रनीतीचा राहिला नव्हता. मॉरिशसमध्ये मराठी वंशजांची वस्ती आहे. इस्राएलमध्ये लोद, डिमोना, अशदोद या गावांतून बेने इस्राएल समाजातील ज्येष्ठ मंडळी अजून मराठी बोलतात. कुलाब्याच्या किनाऱ्यावरून गेलेल्या या माणसांनी युद्धे पाहिली, निर्वासित पाहिले, नवे राष्ट्र आणि त्यातला दुजाभावही अनुभवला. त्यांच्या तोंडून पश्चिम आशियाची कहाणी ऐकायला दुभाषाही लागणार नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राने दोन माणसे आणि एक ध्वनिमुद्रण यंत्र एवढे जरी महिनाभरासाठी तिकडे पाठविले, तरी पुष्कळ होईल. मात्र ते याच एक-दोन वर्षांत व्हायला हवे. कारण रायगडच्या बोलीत बोलणारी ती पिढी आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहे.