रिकाम्या पेटीचे मोल

नवा संगणक जुळवून घ्यायचे ठरले की दुकानदार कागदावर यादी करू लागतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस अशा क्रमाने आकडे उतरत जातात आणि अगदी शेवटी, बेरजेच्या रेघेच्या जरा वर, कॅबिनेट येते. अंदाजपत्रक फुगलेले दिसले की कात्री प्रथम याच ओळीवर चालते. ‘पेटीच तर आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असेही नाही. कॅबिनेट गणित करीत नाही, चित्र दाखवीत नाही, एक अक्षरही साठवीत नाही. मग त्याच दुकानात साध्या कॅबिनेटच्या कित्येक पट किमतीची, दोघांनी मिळून उचलावी अशी फुल टॉवर पेटी कोणासाठी मांडलेली असते? घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी चित्रफीत-संकलनाचे वा वास्तुरचनेचे काम घरून करू लागते आणि नेमक्या त्याच पेटीचा आग्रह धरते, तेव्हा पैसे मोजणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे हा प्रश्न खराखुरा उभा राहतो. केवळ ‘महाग आहे’ किंवा केवळ ‘देखणी आहे’ एवढ्यावर त्याचे उत्तर देऊन चालत नाही.

उदाहरणादाखल एकच पेटी घेऊन ती बारकाईने पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातील फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने २०२० मध्ये बाजारात आणलेली ‘डिफाइन ७ एक्सएल’ ही या वर्गाची चांगली प्रतिनिधी आहे. तिची उंची ५६६ मिलिमीटर, रुंदी २४० आणि पुढून मागपर्यंतची खोली ६०४ मिलिमीटर. आत काहीही नसताना वजन सोळा किलोंच्या आसपास. पुढे दाराप्रमाणे उघडणारे बंद पटल, ते डावीकडून उघडावे की उजवीकडून हे घेणाऱ्याने ठरवावे. बाजूला हवे तर काच, नको तर पत्रा. दिव्यांचा झगमगाट नाही. पहिल्या दृष्टिक्षेपात ही पेटी एखाद्या लहान कपाटासारखी वाटते, आणि तिचे खरे गुणही कपाटाचेच आहेत.

आपल्याकडे अनेक घरांत या सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. वस्तुतः सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसणारा, तळहातावर मावणारा प्रोसेसर. पण बोलण्यातील ही चूक एका अर्थी बोलकी आहे. आतील वस्तू बदलत राहतात आणि घरातल्यांच्या लेखी संगणक म्हणजे ती पेटीच असते. हे टिकणे शक्य झाले ते एका जुन्या निर्णयामुळे. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची मोजमापांची पद्धत प्रसिद्ध केली. मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद, त्याच्या स्क्रूंची छिद्रे ठरलेल्या जागी, मागे जोडण्यांची चौकट ठरलेल्या मापाची. त्यानंतर प्रोसेसरच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या, परंतु ती छिद्रे आजही तेथेच आहेत. २००४ च्या सुमारास इंटेलनेच बीटीएक्स नावाची नवी रचना पुढे केली होती. ती काही वर्षांतच मागे पडली आणि बाजार जुन्या मापांवरच राहिला. म्हणून संगणकाच्या यादीतील सर्वांत दीर्घायुषी ओळ बहुधा हीच, शेवटची. प्रोसेसर पाच-सहा वर्षांत जुना होतो, ग्राफिक्स कार्ड त्याहून लवकर. चांगली पेटी मात्र तीन संगणकांना पुरू शकते. किमतीला तीनने भागले की तिचे महागपण बरेच निवळते.

अर्थात या हिशेबालाही अपवाद आहेत आणि ते विक्रेता सांगणार नाही. पेटीत सर्वांत आधी म्हातारी होतात ती पुढील यूएसबीची तोंडे; दहा-बारा वर्षांपूर्वीच्या उत्तमोत्तम पेट्यांवर आजचे टाइप-सी तोंड नाही. अलीकडे काही मदरबोर्डांच्या तारा जोडण्याची टोके पाठीमागच्या बाजूस येऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी पत्र्यात वेगळी खिडकी लागते, आणि जुन्या पेटीत ती नसते. तेव्हा ‘जन्मभराची वस्तू’ असे कोणी म्हणाले तर त्यातील अर्धे जन्म वजा करून ऐकावे.

या आकाराच्या पेटीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. पेटी मोठी, म्हणून आत हवा जास्त, म्हणून संगणक थंड. हे तर्काला पटते, पण खरे नाही. संगणकात जाणारी जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णतेत बदलते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट आहे, तर त्यानंतर आलेल्या ५०९० ची ५७५ वॅट. प्रोसेसर व इतर भाग धरून सगळे मिळून ६०० वॅटच होतात असे समजू. ही उष्णता बाहेर नेताना पेटीतील हवा खोलीपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा पेटीतून वाहून गेली पाहिजे. आता या पेटीच्या लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला तर येतात ८२ लिटर. म्हणजे आतील सगळी हवा दोन सेकंद पुरे होण्याच्या आत बदलावी लागते. पेटीत किती हवा मावते याला येथे काहीच महत्त्व उरत नाही. ती किती सहजपणे येते आणि जाते, एवढेच पाहावे लागते.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ३८ अंश असतील, तर त्या हिशेबाने पेटीतील हवा ४८ अंशांपर्यंत जाणार. गोथेनबर्गच्या थंड हवेत जे बंद दार शोभून दिसते, त्याची खरी परीक्षा इथे होते. डिफाइनच्या दारामागे आवाज शोषणारे अस्तर आहे आणि हवा समोरून नव्हे तर दाराच्या कडांच्या फटींतून आत येते. वाट अरुंद, म्हणून मोठ्या कार्डाबरोबर तापमान जाळीदार पुढाच्या पेटीपेक्षा चढे राहते. हे कंपनीलाही ठाऊक आहे. त्याच सांगाड्यावर तिने पुढे पूर्ण जाळी असलेली ‘मेशिफाय २ एक्सएल’ काढली. महाराष्ट्रातील ज्या घरात मोठे ग्राफिक्स कार्ड दिवसभर राबणार आहे, तेथे ही दुसरी पेटी घेणे शहाणपणाचे.

मग बंद दाराची पेटी कोणाची? ज्याच्या कामात शांतता लागते त्याची. घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारा, रात्री मुले झोपल्यावर काम करणारा, किंवा अनेक हार्ड डिस्क चालू ठेवणारा. पंख्याचा आवाज त्याच्या गतीबरोबर फार वेगाने वाढतो. गती अर्धी केली तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १४० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्र १२० मिलिमीटरच्या पंख्याहून सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक असते, त्यामुळे तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. या पेटीसोबत १४० मिलिमीटरचे तीन पंखे येतात. मोठ्या पेटीचा खरा लाभ येथे आहे. तिच्यात मोठे पंखे बसतात आणि ते हळू फिरतात.

हार्ड डिस्कचा आवाज निराळ्या जातीचा. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि त्यातून उठणारी बारीक गुणगुण पातळ पत्रा उचलून धरतो, जणू डबा वाजावा तसा. चांगल्या पेटीत डिस्कच्या ट्रेखाली रबर असते, पत्रा जाड असतो, बाजूच्या पटलाला आतून जड अस्तर लावलेले असते. दुकानात हे तपासण्यासाठी उपकरण लागत नाही. बाजूच्या पटलावर बोटाच्या पेराने टकटक करावी. भरीव आवाज आला तर ठीक, टणत्कार आला तर पुढची पेटी पाहावी.

डिफाइन ७ एक्सएलमध्ये आतील पत्र्याची मांडणी बदलून मोकळी जागा किंवा डिस्कची मांडणी यांपैकी एक निवडता येते. दुसऱ्या मांडणीत अठरापर्यंत डिस्क बसू शकतात. लग्नसमारंभांचे चित्रीकरण वर्षानुवर्षे सांभाळणारे छायाचित्रकार, जुन्या हस्तलिखितांच्या पानांच्या प्रतिमा जतन करणाऱ्या संस्था, नकाशांच्या फायली टाकता न येणारी वास्तुविशारदांची कार्यालये यांना हा आकडा मोहात पाडणारा आहे. मात्र अठरा डिस्कचे ट्रे पेटीसोबत मिळत नाहीत; निम्म्याहून कमी मिळतात आणि उरलेले वेगळे विकत घ्यावे लागतात. किमतीची तुलना करताना ही गोष्ट हटकून विसरली जाते. सीडी-डीव्हीडीच्या जुन्या चकत्या अजून ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी डीव्हीडी ड्राइव्हच्या दोन जागाही येथे आहेत, ज्या नव्या पेट्यांतून जवळपास नाहीशा झाल्या.

धुळीविषयी सांगितले नाही तर हे मूल्यमापन अपुरे राहील. पुढे, वर आणि तळाला गाळणीच्या जाळ्या असाव्यात एवढेच पुरेसे नाही. त्या पेटी न हलवता निघाल्या पाहिजेत. भरलेली पेटी पंचवीस किलोंच्या घरात जाते, आणि तळाची जाळी मागच्या बाजूने ओढावी लागत असेल तर ती वर्षातून एकदाही धुतली जाणार नाही. या पेटीत ती पुढूनच निघते. हा गुण जाहिरातीत ठळक छापला जात नाही, पण रोजच्या वापरात काचेच्या पटलाहून दसपटीने मोलाचा आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली, म्हणजे आत घेणारे पंखे जास्त लावले, तर फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि धूळ जाळीतूनच यावी लागते. मागच्या न वापरलेल्या खाचांवर झाकणपट्ट्या असाव्यात. ऊब शोधत येणारी पाल, मुंग्या, झुरळे यांना वाट मिळाली नाही की ती आत जात नाहीत, पंख्यात सापडत नाहीत आणि फवाऱ्याचा डबा हाती घेण्याची वेळ येत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात, पण दुर्लक्ष न करण्याजोगा. पेटी धातूची असते आणि एसएमपीएसच्या तिसऱ्या पिनेतून ती जमिनीशी जोडलेली असणे अपेक्षित असते. घरातील अर्थिंग नीट नसेल तर अनवाणी उभे राहून पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. पेटी बदलून हा दोष जात नाही; इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागते. तसेच मदरबोर्डखाली बसणारे पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या छिद्रांशी जुळवूनच लावलेले आहेत ना, हे जुळणी होत असताना पाहून घ्यावे. एक जरी चुकीच्या जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. एकच हार्ड डिस्क, मध्यम कार्ड, हिशेबाचे आणि अभ्यासाचे काम असलेल्या घराला फुल टॉवर लागत नाही. तिथे मिड टॉवर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएसवर खर्च करावेत. मुलाच्या आग्रहामागे केवळ काच आणि रंगीत दिवे असतील तर तसे त्याला मोकळेपणाने सांगावे. परंतु काम वाढत जाणारे असेल, कार्डे लांबत चालली असतील, डिस्क दरवर्षी एकेक भर घालीत असेल, तर आज वाचवलेले पैसे दोन वर्षांनी दुसऱ्या पेटीवर जातात, आणि पहिली पेटी माळ्यावर.

लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावच्या दुकानात जाण्याआधी घरातील टेबल मात्र मोजून ठेवावे. नेहमीच्या संगणक-टेबलाची खोली दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. ही पेटी ६०४ मिलिमीटर खोल आहे आणि मागे तारा वळवायला, गरम हवा सुटायला निदान वीतभर जागा हवी. म्हणजे ती टेबलाच्या कडेबाहेर येणार, किंवा टेबल भिंतीपासून पुढे ओढावे लागणार. टेबलाखालचा पेटीचा कप्पा बहुधा जेमतेम पेटीइतकाच रुंद असतो, तोही हवेला बाजूने बंद. जमिनीवर ठेवायची झाल्यास रोजच्या लादी पुसण्याचे पाणी लक्षात घेऊन चार बोटे उंचीचा, सोळा नव्हे तर पंचवीस किलो पेलणारा लाकडी पाट तिच्याखाली हवा. तो सुतार तासाभरात करून देतो.